फारच छान, चालू ठेवा

११ ऑक्टोबर

धाकट्या,

अठरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. अभिनंदनाचं नाही. माझा पत्ता वार्ताहरांना वाटणं बंद करा, एवढंच तुझ्या माणसांना सांग. कालपासून सात जण तीन जिने चढून आले. मी दार लावत होते तरी एकीने फटीतून विचारलं, "साहेब लहानपणीही असेच त्यागी होते का हो?" मी म्हटलं, "लहानपणी तो खिडकीजवळची जागासुद्धा सोडत नसे." तिने ते भरभर लिहून घेतलं. आज छापून आलंय: 'बालपणापासूनच निश्चयी.'

भाषण बघितलं तुझं. अठरा वर्षं देशाच्या डोक्यावर बसलास आणि अठरा मिनिटांत उतरलास. 'नव्या पिढीला वाट करून देतो' काय, 'सत्ता ही पाहुणी असते' काय! हे वाक्य तुझं नाही एवढं मला कळतं. शाळेत निबंधाच्या सात ओळींपुढे तुझी गाडी कधी गेली नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण पदराने डोळे पुसत म्हणाली, "मिळालेली खुर्ची कोण सोडतं हो आजकाल?" 

आमच्या शाळेतूनही निरोप आला. मुलांना 'त्याग' या विषयावर दोन शब्द सांगायला या म्हणे. बहिऱ्या मुलांना तीस वर्षं मी ओठ वाचायला शिकवलं. 'त्याग' हा शब्द ओठांवर दिसतच नाही. जीभ आतल्या आत हलते आणि संपतं. समोरच्याला काही पत्ता लागत नाही. हेच सांगून यावं म्हणते.

तिसऱ्या खाणीत एकतीस माणसं गुदमरून मेली त्याला आज बावीस दिवस झाले. वर्तमानपत्रं म्हणतात, तू त्याची नैतिक जबाबदारी घेतलीस. मी भाषण दोनदा बघितलं. 'खाण' हा शब्द तुझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. धोका वेळेवर कळवला नाही म्हणून खाण निरीक्षक कोठडीत बसलाय आणि तू हार घालून घरी बसलायस. जबाबदारीची ही वाटणी छान आहे.

शेवटी त्या तरुण वार्ताहराने विचारलं, "साहेब, तुम्हाला झोप लागते का?" तू म्हणालास, "लोकांचं प्रेम आहेच, ते राहील."  आजच्या अग्रलेखात त्याला 'सूचक उत्तर' म्हटलंय. मी एकटीच हसले.

उत्तर पाठवू नकोस.

ताई


२० ऑक्टोबर

धाकट्या,

पाठवू नकोस म्हटलं तरी पाठवलंस. चार ओळी. 'ताई, तुझं अक्षर बघून बरं वाटलं. फार थकलो होतो. प्रकृती ठीक. आशीर्वाद असू दे.' कागद मात्र जाडजूड, वर राजमुद्रा आणि त्या मुद्रेवर पेनाने मारलेली एक रेघ. नवे कागद येईपर्यंत हेच वापरा असं कुणी सांगितलं वाटतं!

आशीर्वादाचं राहू दे. काल दुपारी निरीक्षकाची बायको माझ्याकडे आली होती.

पोस्टात काउंटरवर बसणारी बाई. बोटांना शिक्क्याची शाई लागलेली. खुर्ची पुढे केली तरी अगदी कडेवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "तुम्ही साहेबांच्या सख्ख्या बहीण ना?"

"जन्माने आहे. पुढे बोला."

"तुमचं त्यांच्याकडे चालत असेल तर..."

"माझं त्याच्याकडे काहीही चालत नाही. पण पाणी प्या आणि बोला."

ती बोलली. तिच्या नवऱ्याने जूनमध्ये लिहून दिलं होतं की तिसऱ्या खाणीत वायू वाढतोय, कामगार वर काढा. तो कागद खात्याने गिळला. जुलैत त्याने पुन्हा लिहिलं, तोही गिळला. शेवटी कुणाच्या तरी हातापाया पडून त्याने तुझी भेट मिळवली. ऑगस्टची चौदा तारीख, सकाळचे अकरा. जाताना तिने त्याचा कोट स्वतः झटकून दिला होता.

"परत आले ते जिन्यातच बसले," ती म्हणाली. "मी विचारलं, काय झालं? म्हणाले, मी सगळं सांगितलं. किती वायू, किती माणसं, किती दिवस हातात आहेत. साहेब शांतपणे माझ्याकडे बघत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. मग हसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'फारच छान. चालू ठेवा.'"

"आणि तुमच्या यजमानांनी काय केलं?"

"काय करणार? त्यांना वाटलं, साहेबांना आपल्याहून जास्त माहीत असणार. त्यांनी विचार करूनच ठरवलं असणार. महिनाभर हे घरात कुणाशी बोललेच नाहीत." मग ती ताठ झाली. "आता सगळे म्हणतात अशी भेट झालीच नाही. झाली असेल तर हवापाण्याच्या गप्पा झाल्या. साहेब इतके मोठे, त्यांना कळलं असतं तर त्यांनी खाण बंद केली नसती का? कोठडीत हे मलाच विचारतात, 'मी खरंच सांगितलं होतं ना गं?'"

मी तिला विचारलं, "ते कुठे बसले होते? साहेबांच्या अगदी समोर, की बाजूला?"

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "आता हे काय विचारता?"

"विचारते आहे ते सांगा."

"बाजूला. खिडकीकडे पाठ करून. ऊन मानेवर येत होतं म्हणाले."

"मिशी आहे?"

"दाट आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

मी तिला काही सांगितलं नाही. जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन हा कागद घेतला. धाकट्या, खिडकीकडे पाठ, तोंडावर काळोख आणि ओठांवर दाट मिशी! माझ्या शाळेतल्या सहा वर्षांच्या पोरीनेसुद्धा हात वर करून सांगितलं असतं, 'बाई, दिसत नाही.' तू सत्तावन्न वर्षांचा घोडा. तुझा हात वर झाला नाही.

हो, मला माहीत आहे.

ताई


२८ ऑक्टोबर

धाकट्या,

तू स्वतः आला नाहीस. चिटणीसबाईला पाठवलंस. अठरा वर्षं तुझी कामं दुसऱ्यांनी केली, आता पश्चात्तापही दुसऱ्याने करायचा का?

बाई मात्र तुझ्यापेक्षा बरी निघाली. खोटं बोलायची तिला इतकी सवय झालेली की खरं बोलताना शब्द शोधत होती. मी चहा दिला नाही. तिनेही अपेक्षा केली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अडीच वर्षं होत आली. एकदा त्यांच्या मागे माझ्या हातून काचेचा जग पडला. खोलीबाहेरचे शिपाई धावत आले. साहेब लिहीतच होते."

"यंत्र का नाही लावलं कानाला?"

"म्हणाले, विरोधक म्हातारा म्हणतील."

मग तिने तुमची पद्धत सांगितली. ती कायम तुझ्या समोर बसायची. हातातलं पेन उभं धरलं की 'हो' म्हणायचं. चष्मा काढला की 'नाही'. आणि दोन्ही नसेल तर 'फारच छान, चालू ठेवा', कारण ते कुठेही खपतं. मी म्हटलं, "आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत? तिथे वीस जण बोलतात." बाई पहिल्यांदाच हसली. "तिथे काहीच अवघड नव्हतं. सगळ्यांचं मत साहेबांसारखंच असायचं. साहेबांचं काय आहे ते आधी मी कागदावर वाटायचे."

अशा रीतीने देश चालला होता म्हणायचा. एक पेन, एक चष्मा आणि तुझी मान.

चौदा ऑगस्टला ती फोनवर अडकली आणि खोलीत पोचली तेव्हा निरीक्षक शेवटचं वाक्य बोलत होता. 'खाण आजच बंद करा, साहेब' एवढं तिने कानांनी ऐकलं. आणि तुझं उत्तरही. मी विचारलं, "मग तुम्ही का बोलला नाहीत?" तिने नखाने टेबलाची कड खरवडली. "त्यांच्यासमोर साहेबांना चुकीचं कसं ठरवणार? म्हटलं नंतर सांगू. दुपारी दौरा निघाला. परत आलो तेव्हा आठवडा झाला होता. मग आपण उशीर केला हे सांगायची भीती वाटली. मग..." मग एकतीस.

राजीनाम्याचा दिवसही तिने सांगितला. सरकारी वकिलाने तुझ्या सहीसाठी कागद पाठवला होता: 'निरीक्षकाने मला धोक्याची कोणतीही कल्पना दिली नव्हती.' तू पेन उघडलंस आणि थांबलास. तिला म्हणालास, "हा माणूस मला भेटला होता. बाजूला बसला होता. काय म्हणत होता?" तिने लिहून दाखवलं. तू विचारलंस, "आणि मी काय म्हणालो?" तेही लिहिलं.  मग विचारलंस, "मला ऐकू येत नाही हे किती जणांना माहीत आहे?"

तिने लिहिलं: मला एकटीला.

"अडीच वर्षांत दुसऱ्या कुणालाच कळलं नाही?"

तिने 'नाही' अशी मान हलवली. तू पेनाला टोपण लावलंस आणि म्हणालास, "मग इथे मी असलो काय आणि नसलो काय, सारखंच की." दुसऱ्या दिवशी भाषण.

म्हणजे खुर्ची तू नव्या पिढीसाठी सोडली नाहीस, प्रकृतीसाठी नाही, आणि त्या एकतीस जणांसाठी तर नाहीच. तुझ्याशी कुणी बोलतच नव्हतं हे त्या सकाळी तुझ्या लक्षात आलं आणि तुला अपमान वाटला. हे ऐकून मला तुझी कीव यावी अशी चिटणीसबाईची अपेक्षा असावी. ती जाताना दारात रेंगाळली. मी दार लावून घेतलं.

वकिलाच्या कागदावर तू सही केली नाहीस, हे तिने तीनदा सांगितलं. बरं मग? सही केली नाहीस आणि खरं काय तेही लिहिलं नाहीस. कागद खणात ठेवलास. निरीक्षकाला कोठडीत ठेवलंस. बाहेर लोक फुलं घेऊन रांगेत उभे, तू आत कानांवर हात ठेवून बसलेला. खुर्ची सोडलीस रे, खोटं तेवढं पोटाशी धरून ठेवलंस.

चौकशी आयोगापुढे निरीक्षकाची सुनावणी चौदा नोव्हेंबरला आहे. साक्षीदारांची नावं दहा तारखेपर्यंत घेतात. तुझं नाव नसेल तर माझं असेल. मला जे माहीत आहे ते मी सांगेन, आणि ते तुझ्यापेक्षा वाईट शब्दांत सांगेन.

ताई


४ नोव्हेंबर

धाकट्या,

नऊ पानं. तुझ्या उभ्या आयुष्यात तू एवढं लिहिलेलं नसशील. साध्या कागदावर लिहिलंस हेही दिसलं.

जाईन म्हणतोस. ठीक. पण आयोगाचे अध्यक्ष दाढीत पुटपुटतात, तुझ्या समोर बसून त्यांचे प्रश्न मी ओठांनी सांगावेत म्हणतोस. येईन. त्या पोस्टातल्या बाईसाठी येईन, तुझ्यासाठी नाही. हे वाक्य विसरू नकोस म्हणून खाली रेघ मारते.

डॉक्टर म्हणतात हे अण्णांच्या रक्तातून आलं, बॉयलरच्या आवाजाने नव्हे, असं लिहिलंस. म्हणजे आपण जन्मभर त्या कारखान्याला उगाच शिव्या घातल्या. असो. अण्णांचा विषय तू काढलास म्हणून एकदाच बोलते.

तुझ्या पहिल्या विजयाची सभा. अण्णा पहिल्या रांगेत. त्यांना तू दिसत होतास, ऐकू काही येत नव्हतं. बहिरा माणूस बोलतो तसं ते ओरडून मला विचारत होते, "काय म्हणतोय तो?" एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लोक हसले. तू भाषण न थांबवता बोटाने खूण केलीस आणि दोन स्वयंसेवकांनी आपल्या बापाला काखेत हात घालून बाहेर नेलं. संध्याकाळी घरी त्यांनी मला विचारलं, "माझा सदरा मळला होता का गं?" मी म्हटलं, हो अण्णा, कॉलर मळली होती. पाच महिन्यांनी ते गेले. तोपर्यंत रोज सदरा स्वतःच्या हाताने धूत होते. कॉलर दोनदा.

त्या दिवसापासून तू माझ्या लेखी मेलास. तुझ्या पत्रातलं 'तेव्हा मी तरुण होतो' हे वाक्य मी खोडून टाकलंय. चाळिशीला एकच वर्ष कमी होतं तुला.

आता तुझा प्रश्न. 'ताई, तुला कसं कळलं?'

हे लिहायला मला दोन दिवस लागले. पहिला कागद मी फाडला, कारण त्यात खोटं होतं. निरीक्षकाच्या बायकोकडून कळलं असं त्यात लिहिलं होतं.

मला तीन वर्षांपूर्वीच कळलं. नव्या बंदराच्या उद्घाटनाला. तू बोलत होतास आणि कुणाच्या तरी चुकीने मागे बँड सुरू झाला. व्यासपीठावरचे सगळे दचकून वळले. तू बोलतच राहिलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणे काय हा धीरगंभीर माणूस! मी घरी टीव्हीपुढे उभी राहिले. मग रोज बघायला लागले. तू समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हतास, ओठांकडे बघत होतास. पहिल्याच महिन्यात माझी खात्री पटली. हे माझं कामच आहे, धाकट्या. आईबापांना कळायच्या आधी मला कळतं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आता कळेल याला. आता याच्या तोंडून येईल 'काय म्हणतोय तो?' रोज संध्याकाळी सातच्या बातम्या मी चुकवत नव्हते. तू उलटंसुलटं उत्तर दिलंस की मी एकटी टाळी वाजवायचे. एक ओळ लिहून तुला पाठवता आली असती, ताई म्हणून नसती तरी बाई म्हणून. 'यंत्र लाव आणि माणसाला उजेडात बसव.' एवढीच ओळ. ती मी लिहिली नाही. तीन वर्षं ती जिभेवर घोळवत, चघळत बसले.

मग तिसरी खाण.

तुझा मला तिटकारा आहे. तो कमी झालेला नाही. पण गेले कित्येक दिवस तुला लिहिलेली प्रत्येक शिवी मी आधी स्वतःला देऊन बघते, आणि ती बसते. चिटणीसबाईला चहा दिला नाही, त्याचं कारण हेच असेल. ती निदान दुपारपर्यंत सांगायचं म्हणत होती. मी तर म्हणतही नव्हते.

सुनावणीला हे मीही सांगणार आहे. तू मध्ये पडू नकोस.

ताई


१५ नोव्हेंबर

धाकट्या,

काल आपण न बोलता पांगलो. तुला जे दिसलं ते तुला ठाऊक आहे. जे ऐकू आलं नाही ते लिहिते. आता तरी कुणीतरी तुला सगळं सांगायला हवं.

तू आत आलास तेव्हा सगळं दालन उठून उभं राहिलं ते बघितलंसच. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "साहेब, परत या!" टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी गप्प केलं, पण स्वतःही हसले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो मी तुला पूर्ण सांगितला नाही. ते म्हणाले, "आपल्यासारख्या थोर व्यक्तीला इथे येण्याची तसदी द्यावी लागली याचा खेद आहे." ते सांगायला माझे ओठ वळले नाहीत. मी तुला एवढंच सांगितलं: 'बोल.'

तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मला ऐकू येत नाही. तीन वर्षांपासून येत नाही. हे मी लपवलं." तेव्हा दालनात कुणीतरी हसलं. विनोद वाटला त्यांना. तू थांबला नाहीस ते बरं केलंस. "हा निरीक्षक चौदा ऑगस्टला माझ्याकडे आला होता. खाण बंद करा असं त्याने सांगितलं. मला एक शब्दही कळला नाही. कळला नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, फारच छान, चालू ठेवा."

यानंतर जी शांतता झाली ती तुलाही दिसली असेल. तोंडं उघडी आणि कुणी बोलत नाही. मग एकदम सगळे बोलायला लागले. सरकारी वकील म्हणाला, "साहेब उदारपणे दुसऱ्याचा दोष अंगावर घेताहेत." बघ, तुझ्या त्यागाने तिथेही पाठ सोडली नाही! मी तुला ते ओठांनी सांगितलं आणि तू किंचाळलास. तुझा आवाज किती चढला होता ते तुला कळलं नसेल. अण्णांसारखा. "उदार नाही! मी बहिरा आहे! याला सोडा!" माझ्या हातातला रुमाल खाली पडला.

माझी साक्ष झाली तेव्हा तू मान खाली घालून बसलास, म्हणून तुला काही कळलं नाही. मी पत्रात लिहिलं तेच सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही हे तेव्हाच का कळवलं नाही?" मी म्हटलं, "सूड." त्यांनी ते लिहून घेतलं.

निरीक्षकाला संध्याकाळी सोडलं. नोकरी परत मिळेल की नाही हे खातं ठरवेल, आणि खातं काय ठरवतं ते आपण जाणतोच. त्याने तुझ्याकडे बघितलं नाही. त्याची बायको मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "मी आले त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही मला रडत जाऊ दिलंत." एवढं बोलून ती गेली. 

बाहेर तुझ्या गाडीवर शाई फेकली. सकाळी जे फुलं घेऊन आले होते त्यांतलेच काही होते. ते ओरडत होते, "बहिरा! खुनी!" आजच्या वर्तमानपत्रात तू आता धीरगंभीर नाहीस, 'राष्ट्राची फसवणूक' आहेस. 'बालपणापासूनच निश्चयी' लिहिणारी तीच बाई. शिंपिणीने दुकानातली तुझी तसबीर उतरवली आणि मला विचारलं, "मग त्यांनी गादी सोडली ती कशासाठी?" मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिला आधीचं कारण आवडत होतं.

कानाला यंत्र लागलं का? डाव्या कानात अजून थोडं असेल. उशीर करू नकोस.

ताई


९ डिसेंबर

धाकट्या,

परवा खाणीच्या वस्तीतून परत येताना बसमध्ये तू तीनदा विचारलंस, "ती म्हातारी काय म्हणाली?" मी सांगितलं नाही. तू रागावलास. यंत्र लावूनही तुला कळलं नाही, कारण ती हळू बोलत होती आणि तिने मुद्दाम तुझ्याकडे पाठ केली होती. मला आधी एकटीने ते नीट आठवून बघायचं होतं. आज लिहिते.

एकतीस घरांत जाईन, प्रत्येकाच्या समोर बसून ऐकेन, ही तुझी कल्पना. मला तीही नाटकीच वाटली होती. पहिल्या चार घरांनी दार उघडलं नाही. पाचव्याने उघडून तुझ्या अंगावर थुंकलं. म्हणून तू सहाव्या घरी मागच्या बोळातून जाऊ या म्हणालास, कुणी बघायला नको. मीही हो म्हटलं. दगड पडतील अशी भीती मलाही होती.

म्हातारीने आपल्याला स्वयंपाकघरातून आत घेतलं. तुला स्टूल दिलं. तू म्हणालास, "आजी, माझ्याकडे बघून बोला, म्हणजे मला कळेल." हे ऐकल्यावर ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तू माझ्याकडे बघत होतास. मी तुझ्याकडे बघितलं नाही. ती पुढचं सगळं भिंतीशी बोलली.

ती म्हणाली, "याला ऐकू येत नाही म्हणूनच बोलते. ज्यांना ऐकू येतं त्यांना सांगून थकले. माझा पोरगा वर्षभर म्हणत होता, आई, खाली डोकं दुखतं. मी डॉक्टरला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, खात्याच्या माणसाला सांगितलं. सगळ्यांचे कान शाबूत होते. पोरगा तेहतीस वर्षांचा होता. त्याला दाढी करायचा कंटाळा. त्या सकाळी मी त्यावरून बोलले त्याला. शेवटचं बोलणं ते. वर आणला तेव्हा दाढी वाढलेलीच होती."

मग तिने पदराने तोंड पुसलं. तुला वाटलं संपलं, तू उठायला लागलास. मी हाताने तुला खाली बसवलं.

"हा आता कशाला आलाय?" ती म्हणाली. "गादी सोडली म्हणून आलाय. गादीवर होता तेव्हा आला असता तर मी समोर बसून सांगितलं असतं, एकेक शब्द सावकाश, मिटल्या डोळ्यांनासुद्धा कळेल असा. आता याला सांगून काय होणार? याच्या हातात काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "हातात काही नसलेला माणूस निदान खोटं आश्वासन देत नाही. बसू दे त्याला पाच मिनिटं. माझ्याकडे कुणी बसायला येत नाही."

म्हणून आपण बसलो होतो. तुला ती पाच मिनिटं फार वाटली, तू दोनदा घड्याळ बघितलंस. तिने बघितलं नसेल, मी बघितलं.

निघताना मी मागच्या दाराची कडी काढून तुला पुढे सोडलं तेव्हा ती भिंतीकडून वळली. तू तोपर्यंत बोळात उतरला होतास. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाई, तुझ्या भावाला परत आणायचं असेल तर आण, नसेल तर नको आणू. पण चोरासारखं स्वयंपाकघरातून आणू नकोस. वस्ती बघते तर बघू दे. दगड मारतील तर मारू दे. माझ्या घराला पुढे दार आहे."